योहान १५:२५ – ‘विनाकारण द्वेष’ हे घरच्या माणसांनाही लागू होतं का?

पंचगंगेकाठची

सर्वांना सलाम. धागा ‘धर्म-अध्यात्म’मध्ये टाकावा की ‘कौटुंबिक’मध्ये, ठरेना. ॲडमिननी हवा तिकडे हलवावा.

मी कोल्हापूरची सून, माहेर नगरकडचं. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, त्यामुळे ‘धर्म बदलला म्हणून वाळीत टाकलं’ अशातला हा प्रकार नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई लग्न झाल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. भांडण म्हणावं तर कधी झालेलं नाही. वाटणीचा वाद नाही, देणंघेणं नाही. त्या वेगळ्या राहतात, पण चर्च एकच. उपासना संपल्यावर सगळे एकमेकांशी हात मिळवतात, तेव्हा माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात बरोबर माझ्या मागच्या बाकावरच्या माणसाकडे जातो. नाताळात फराळाचा डबा पाठवला, तो संध्याकाळी पुतण्याच्या हाती परत आला. करंज्यांवर घातलेला कागदसुद्धा जागचा हलला नव्हता.

पाळकसाहेब म्हणतात सहन करा. महिला मंडळ म्हणतं प्रार्थना करा. आई म्हणते दुर्लक्ष कर. नवरा म्हणतो, ‘वहिनींचा स्वभावच तसा आहे,’ आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

परवा घरच्या प्रार्थनेत योहानाचा १५ वा अध्याय वाचायला आला. ‘त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला’ या ओळीशी मी अडखळले. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण रात्री विचार आला की येशू हे शिष्यांना सांगतोय, जगाबद्दल सांगतोय, क्रुसाच्या आदल्या रात्री. माझ्या जाऊबाई म्हणजे काही ‘जग’ नाही, आणि करंज्या परत येणं म्हणजे छळ नाही. हे वचन मी स्वतःला लावून घेणं म्हणजे आगाऊपणा तर नाही ना? शास्त्र नेमकं काय सांगतं, हे जाणकारांनी सांगावं. ‘सहन करा’ सोडून.

तांबडा_पांढरा

वहिनी, एवढं मनावर घेऊ नका. आमच्या गावात दोन सख्खे भाऊ एका वाड्यात राहून बोलत न्हाईत. गुऱ्हाळावर समोरासमोर आले की एकजण उसाच्या मोळ्या मोजतोय आणि दुसरा काहिलीत बघत बसतोय. भांडण कशावरनं झालं ते आता दोघांनाबी आठवत नसंल. बायबलातलं मला काय कळत न्हाई, पण वाचतोय. लिवा कुणीतरी.

जुना_करार

ताई, शंका योग्य आहे आणि उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागेल. प्रतिसाद लांबेल. निवृत्त मास्तर आहे, सवय जात नाही.

पहिला टप्पा तुमच्या विरोधात जाणारा. योहान १५ मधला द्वेष हा ख्रिस्ताच्या नावामुळे होणारा द्वेष आहे. पुढच्याच अध्यायात (१६:२) येशू सांगतो की तुम्हाला सभास्थानातून बाहेर काढतील आणि तुम्हाला मारणाऱ्याला वाटेल की आपण देवाची सेवाच केली. तेव्हा त्या वचनाचा मूळ रोख तुमच्या जाऊबाईंवर नाही. प्रत्येक न पटणाऱ्या माणसाला ‘जग’ ठरवून मोकळं होण्याची खोड आपल्या मंडळ्यांमध्ये आहे. भाडेकरूनं भाडं थकवलं तरी योहान १५ काढणारे लोक मी बघितलेत.

आता दुसरा टप्पा. येशू तिथं स्वतःचं वाक्य बोलत नाही, ‘शास्त्रात लिहिलंय’ असं म्हणून बोलतो. हे शब्द स्तोत्र ३५:१९ मध्ये आहेत आणि ६९:४ मध्येही. ६९ वं स्तोत्र नव्या करारात वारंवार येतं. मंदिर शुद्ध करताना शिष्यांना आठवतं ते ह्यातलं वचन (योहान २:१७), पौल रोमकरांस लिहिताना दोनदा ह्याच स्तोत्राकडे जातो, आणि विश्वासघातकी शिष्य यहूदाची रिकामी जागा भरताना पेत्रही त्याचाच आधार घेतो. तर त्या स्तोत्रात चौथ्या ओवीत ‘विनाकारण द्वेष करणारे माझ्या डोक्यावरच्या केसांहून अधिक आहेत’ असं म्हटल्यावर आठव्या ओवीत काय येतं? मी माझ्या भावांना परका झालो, माझ्या आईच्या लेकरांना अनोळखी झालो. म्हणजे येशूनं त्या रात्री जे स्तोत्र तोंडी घेतलं, त्याच्या पोटात घरच्यांनी परकं करण्याचं दुःख आधीपासून आहे. तुम्ही त्या ओळीशी अडखळलात यात आगाऊपणा नाही.

त्याच्या स्वतःच्या घरीही वेगळं नव्हतं. मार्क ३:२१ वाचा, घरचे लोक त्याला धरून न्यायला आले, कारण ‘ह्याचं डोकं फिरलंय’ असं त्यांना वाटलं. योहान ७:५ तर सरळ सांगतं की त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते.

आणखी एक. ‘विनाकारण’ म्हणजे द्वेष करणाऱ्याच्या मनात काही कारण नसतं, असं शास्त्र कुठंच म्हणत नाही. काइनाला कारण होतं, देवानं हाबेलाचं अर्पण स्वीकारलं आणि त्याचं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१२) तेच सांगितलंय, भावाची कृत्यं चांगली होती म्हणून मारलं. शौल राजालाही कारण होतं. बाया नाचत-गात निघाल्या की शौलानं हजारो मारले आणि दाविदानं दहा हजारो, त्या दिवसापासून शौल दाविदावर डोळा ठेवून राहिला (१ शमुवेल १८:७-९). गाणं बायांनी रचलं, भाला दाविदावर आला. दाविदानं त्यात काय केलं होतं? लढाई जिंकली होती, तीही शौलासाठीच. द्वेषाला कारण असतं, पण ते ज्याचा द्वेष होतो त्याच्या वागण्यात असेलच असं नाही. तुमच्या जाऊबाईंच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, पण काहीतरी आहे आणि ते बहुधा तुमच्या येण्याच्या आधीचं आहे.

मिरजेची_सिस्टर

काकांशी सहमत, पण एक पायरी राहिली असं वाटतं.

१ पेत्र ४:१५. तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. बघा, खुनी आणि चोर यांच्याच रांगेत पेत्रानं लुडबुड करणाऱ्यालाही बसवलंय. म्हणजे ‘मला विनाकारण त्रास देतात’ म्हणायच्या आधी ‘मी खरंच काही केलं नाही ना’ हे तपासायचं. मत्तय ५:११ मध्येही ‘धन्य’ आहे ते लोक ‘लबाडीनं’ वाईट बोलतील तेव्हा. खरं बोलत असतील तर तो आशीर्वाद आपल्याला लागू नाही.

योसेफाचंच घ्या. संडे स्कूलमध्ये आपण त्याला नुसता गरीब बिचारा दाखवतो. उत्पत्ती ३७:२ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा भावांच्या चहाड्या बापाला सांगतोय. वर बापानं दिलेला झगा मिरवतोय. वर पेंढ्या वाकल्याचं स्वप्न भावांना ऐकवतोय, आणि त्यावर भावांनी डाफरल्यावर दुसरं स्वप्नही ऐकवतोय. विहिरीत टाकून रुप्याच्या वीस नाण्यांना विकावं एवढा त्याचा गुन्हा नक्कीच नव्हता. पण घरात धाकटा म्हणून तो किती टोचत असेल?

ताई, हे तुमच्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. वॉर्डात आम्ही रोज बघतो, दुखतं एका जागी आणि मूळ भलतीकडे. दाविदानं काय केलं तेही बघा. तो शौलाच्या मुलाकडे, आपल्या मित्राकडे, योनाथानाकडे गेला आणि विचारलं, मी काय केलं, माझा अपराध काय, तुझ्या बापाचं मी काय वाईट केलं? (१ शमुवेल २०:१) शौलाला विचारून उपयोग नव्हता, त्याच्या हातात भाला. स्वतःच्या माणसांना विचारूनही नव्हता, ते दाविदाचीच बाजू घेणार. योनाथान दोघांचा. तुमच्या घरात असा कोण आहे? आईला विचारू नका, ती तुमची आई आहे.

प्रार्थना_योद्धा

ताई हे सरळसरळ सैतानाचं काम आहे. घराच्या चारही कोपऱ्यांत तेल लावा, तीन दिवसांचा उपास धरा, त्या बाईच्या नावानं बंधन तोडा. माझा नंबर खाली देत आहे, फोनवर प्रार्थना करून देतो.

संपादक

वरच्या प्रतिसादातला फोन नंबर उडवला आहे. कृपया वैयक्तिक संपर्क जाहीर धाग्यावर देऊ नयेत.

तांबडा_पांढरा

तेल कुठलं? शेंगतेल चालतंय का? लई महाग झालंय.

मिरजेची_सिस्टर

तांबडा_पांढरा, हसू आलं, पण चेष्टा पुरे. योद्धा भाऊ, उपासाला माझी ना नाही. पण जाऊबाईच्या डोक्यावर सैतान बसवला की तिच्याशी बोलायची गरजच उरत नाही, हीच त्यातली खोच आहे. बोलावं लागणार आहे.

पंचगंगेकाठची

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचा योनाथान मला सापडला. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासरेबुवांच्या बहीण. त्यांचं दोन्हीकडे सारखंच येणंजाणं. शनिवारी भाजीला लक्ष्मीपुरीत गेले होते, तशीच त्यांच्याकडे गेले आणि दाविदासारखंच विचारलं, माझं काय चुकलं?

आत्याबाईंनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, ‘तुझं काय चुकणार? तू आलीस हेच.’ आमच्या लग्नाआधी जाऊबाईंनी त्यांच्या धाकट्या मावसबहिणीसाठी ह्यांचं स्थळ धरलं होतं. बोलणी झाली होती म्हणे, मावशीला शब्दही दिला होता. ह्यांनी नकार दिला तो आपल्या तोंडानं दिलाच नाही, नुसतं टाळत राहिले आणि मधेच नगरचं स्थळ आलं. मावशीपुढं जाऊबाई तोंडघशी पडल्या. त्यात भर म्हणजे सासरेबुवांच्या शेवटच्या आजारपणात सगळं त्यांनीच केलं होतं, डायपर बदलण्यापासून, आणि मी आल्यावर सासूबाई चारचौघांत ‘धाकटी गुणाची’ म्हणून माझं कौतुक करायच्या.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘जुनं कशाला उकरायचं.’

कळल्यावर राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. जाऊबाईंवरचा थोडा सरकून नवऱ्यावर आला एवढंच.

जुना_करार

बाया गाणं म्हणाल्या आणि भाला दाविदावर आला. तुमच्या घरातलं गाणं सासूबाईंनी म्हटलं.

इथं आणखी एक बाई आठवते, लेआ. उत्पत्ती २९. बापानं फसवून याकोबाच्या गळ्यात बांधली, नवऱ्याला धाकटी राहेल हवी होती. शास्त्र स्पष्ट म्हणतं की लेआ नावडती होती. बाईचा दोष शून्य, कारस्थान लाबानाचं. तिनं मुलांची नावंसुद्धा त्या नावडतेपणातून ठेवली, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील, मी नावडती आहे हे परमेश्वरानं ऐकलं, आता तरी नवरा मला जडून राहील. चौथ्याच्या वेळी मात्र नवऱ्याचं नावच घेतलं नाही, म्हणाली मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि त्याचं नाव यहूदा ठेवलं. याकोबाचं मन बदललं असं कुठंही लिहिलेलं नाही. दावीद आणि येशू ज्या वंशात आले तो वंश मात्र ह्याच यहूदाचा.

बिंदू_चौक

मी ख्रिस्ती नाही, बाबासाहेबांना मानणारा आहे, तरी लिहितो. चर्चा चांगली चाललीय पण जावा-जावांत अडकलीय. विनाकारण द्वेषाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जन्माला आलास एवढ्यावरच पाणी नाकारलं. ह्याच कोल्हापुरात गंगाराम कांबळेंना हौदाचं पाणी प्याले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना ‘प्रार्थना कर’ नाही सांगितलं. हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. बायबल मात्र दुसरा गाल पुढं करा म्हणतं. अन्याय सोसायची सवय लावणारा धर्म कुठलाही असो, मला पटत नाही.

आणि चर्चमध्ये जात नाही म्हणू नका. सोयरिकी बघा.

जुना_करार

बिंदू चौक, शेवटचं वाक्य मान्य. सोयरिकीच्या वेळी मंडळीतही जात विचारली जाते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दलित ख्रिस्ती माणसाची तर दुहेरी कोंडी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेर. गावकुसाबाहेरचं घर बदलत नाही आणि कागदावरची जात मात्र जाते.

पण ‘बायबल सोसायला लावतं’ याला माझी हरकत आहे. दुसरा गाल पुढं करा म्हणणाऱ्याला महायाजकासमोर शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा त्यानं काय केलं? गप्प बसला नाही. ‘मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस?’ (योहान १८:२३) पौलाला फिलिप्पैत चौकशीशिवाय फटके मारून कोठडीत टाकलं, सकाळी ‘गुपचूप निघून जा’ असा निरोप आला. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, उघडपणे मारलंत आणि आता चोरून बाहेर काढता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). अधिकारी आले, विनवण्या केल्या. पुढं त्यानं थेट कैसराकडे दाद मागितली. परत मारू नका हे शास्त्र सांगतं. विचारू नका असं सांगत नाही.

बिंदू_चौक

‘मला का मारतोस’ हे माहीत नव्हतं. वाचून बघतो. जातीच्या मुद्द्यावर वेगळा धागा काढू, इथं धागाकर्तीच्या धाग्यावर अवांतर नको.

इंद्रायणीकाठचा

वारकरी घरातला आहे, योहान वगैरे पहिल्यांदाच वाचतोय. वाळीत टाकणं म्हटलं की आम्हाला आळंदीच आठवते. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, आणि ‘संन्याशाची पोरं’ म्हणून शिक्षा भोगली ती चार लेकरांनी. ज्ञानोबा रुसून दार लावून बसले तेव्हा धाकट्या मुक्ताईनं बाहेरून समजावलं, तेच ताटीचे अभंग. आमच्याकडे सांत्वन धाकटी बहीण करते. तुमच्या दाविदाला तशी कुणी होती का?

मिरजेची_सिस्टर

सुंदर प्रश्न. योनाथान होता, पण तो मित्र, आणि त्याचा बापच मारेकरी. नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, तेव्हा तुम्ही परके नाही आमच्या धाग्यावर. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई किती वर्षं वेगळ्या राहिल्या, दोघांनाही दोन्हीकडच्या माणसांचं काय काय ऐकावं लागलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. द्वेष झेलूनही त्या बाईची विनोदबुद्धी शाबूत राहिली, हे मला कुठल्याही प्रवचनाहून मोठं वाटतं.

आता मूळ विषय. ताई, कारण कळलं, राग गेला नाही, मग पुढं काय? मला वाटतं योसेफाचा शेवट हेच आपलं ध्येय असायला हवं. भावांच्या गळ्यात पडून रडला. तुम्ही वाईट योजलंत, देवानं त्यातून चांगलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). कधीतरी जाऊबाईंच्या गळ्यात पडाल.

जुना_करार

सिस्टर, इथं मात्र मी वाद घालणार.

योसेफाच्या गळ्यात पडण्याआधी काय काय झालं ते मोजा. विकला तेव्हा सतरा वर्षांचा, फारोपुढं उभा राहिला तेव्हा तीस. नंतर सुकाळाची सात वर्षं. एवढी वर्षं मिसरचा कारभारी असूनही त्यानं कनानला, जिवंत बापाला, एक निरोप धाडलेला दिसत नाही. उलट थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, देवानं मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला म्हणून. भाऊ धान्याला आले तेव्हा ओळखूनही ओळख दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं. गोण्यांत पैसे परत ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत पेला लपवला. हे सगळं कशासाठी? एका आवडत्या भावाला विकणारी माणसं दुसऱ्या आवडत्या भावाला सोडून पळतात का, हे बघायला. आणि ज्या यहूदानं ‘विकून टाकू’ म्हटलं होतं, तोच पुढं होऊन म्हणाला, ह्या पोराच्या बदली मला गुलाम ठेवा (४४:३३). तेव्हा कुठं योसेफाला रडू आवरेना. समोरचा बदललेला दिसला, मग गळ्यात पडला. क्षमा मनात आधीच झाली असेल, पण ओळख दिली ती पारखून.

समोरचा बदललाच नाही तर? त्याला दावीद आहे. एन-गेदीच्या गुहेत शौल हातात सापडला, दाविदानं झग्याचा काठ तेवढा कापला. शौल मोठ्यानं रडला, ‘तू माझ्याहून नीतिमान आहेस’ म्हणाला. अध्यायाचं शेवटचं वचन वाचा (१ शमुवेल २४:२२), शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. शौलाबरोबर घरी गेला नाही. पुढं दुसऱ्यांदा भाला आणि पाण्याचा चंबू उचलून आणला, तेव्हा शौल ‘माझ्या मुला, परत ये’ म्हणाला, तरीही दावीद आपल्या वाटेनं गेला. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, आणि परतही जायचं नाही. ह्याला कुणी मनातला सल म्हणत असेल तर म्हणो, शास्त्र दाविदाला त्यासाठी दोष देत नाही.

येशूनंही आपल्या गावच्या नासरेथकरांना बळंच जिंकलं नाही. कड्यावरून लोटायला निघाले, तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानात तो नासरेथला परतल्याचं कुठंच नाही.

मिरजेची_सिस्टर

काका, भाला आणि करंज्या एकाच मापानं कसे मोजता? जाऊबाई जिवावर उठलेल्या नाहीत, अवमानित झालेल्या आहेत. दाविदाचा मार्ग जीव धोक्यात असताना. इथं दोघी दर रविवारी एकाच छपराखाली बसणार आहेत. आणि येशूच्या भावांचं अर्धंच सांगितलंत. जे विश्वास ठेवत नव्हते ते प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये आईबरोबर माडीवर प्रार्थनेला बसलेत. पुनरुत्थानानंतर तो त्यांच्यातल्याच याकोब नावाच्या भावाला दिसला असं पौल लिहितो (१ करिंथ १५:७). त्यानं त्यांची पाठ धरली नाही हे खरं, पण दारही लावलं नाही.

जुना_करार

हे मान्य. भाल्याचा मुद्दा मी ताणला. पण ‘गळ्यात पडाल’ हे त्यांच्यावर ओझं म्हणून टाकू नका एवढंच. रोमकरांस १२:१८ मध्ये पौलानं दोन अटी घातल्यात, ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’.

पंचगंगेकाठची

तुमच्या दोघांच्या वादात माझी सोय झाली. एक विचारते, हसू नका. १०९ वं स्तोत्र वाचलं. ‘माझ्या प्रीतीच्या बदली ते माझे वैरी झाले’ इथपर्यंत रडू आलं, आणि पुढं शत्रूच्या बायकापोरांना जे शाप दिलेत ते वाचून दचकले. पण खरं सांगायचं तर एका क्षणी बरंही वाटलं. हे पाप आहे का?

जुना_करार

दाविदानं ते देवापुढं म्हटलं, शौलाच्या दारात जाऊन नाही. देवापुढं काय बोलायचं याची चाळणी स्तोत्रांत नाही. क्रुसावर येशूनं ‘ह्यांना क्षमा कर’ म्हटलं आणि स्तेफनानंही मरताना तेच, म्हणून आपण शापांवर थांबत नाही. पण तिथून सुरुवात केली तर देव कान झाकून घेत नाही.

तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, चौथा अध्याय, १४ ते १६ वाचा. आलेक्सांद्र तांबटानं माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून जपून राहा. लगेच पुढं, माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कुणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही, हे त्यांच्याकडून मोजलं जाऊ नये. ज्यानं घाव घातला तो वेगळा आणि जे गप्प राहिले ते वेगळे, पौल दोघांशी दोन तऱ्हांनी वागतो. तुमच्या यजमानांचं नाव कुठल्या ओवीत येतं ते तुम्हीच ठरवा.

तांबडा_पांढरा

टीव्हीचा आवाज वाढवणारे १६ मध्ये. आम्ही सगळे नवरे १६ मध्येच बसतोय.

पंचगंगेकाठची

नवऱ्याला हे वाचून दाखवलं. टीव्ही बंद केला. म्हणाला, ‘नकार मी तेव्हाच तोंडानं द्यायला हवा होता, वहिनींना मी सांगतो.’ मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकांतात बोलायचं, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन, हे मला माहीत आहे. पण इथं बोलायचं कुणी? मी, की तो? अपराध माझा झाला की जाऊबाईंचा, तेच मला आता कळेनासं झालंय.

मिरजेची_सिस्टर

आधी तो, एकटा. शब्द त्यानं मोडला, तेव्हा मत्तय ५:२३-२४ त्याच्यासाठी, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट कर. तू त्याच्याबरोबर जाऊ नकोस, नाहीतर जाऊबाईंना वाटेल बायकोनं पाठवला. तो जाऊन आल्यावर दोन-तीन रविवार जाऊ दे, मग तू जा, तूही एकटी. सासरेबुवांच्या आजारपणात त्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांना ह्या घरात कधी कुणी काही म्हटलंय का, ते आत्याबाईंना आधी विचार.

पंचगंगेकाठची

विचारलं. कुणीच नाही म्हणे.